‘अवाजवी वर्तन’ : इंग्लंडच्या घटस्फोट-कायद्यातील एका शब्दप्रयोगाचा इतिहास

इंग्लंड व वेल्स येथे १ जानेवारी १९७१ पासून ६ एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे एकावन्न वर्षांहून किंचित अधिक काळ, लक्षावधी विवाह ज्या एका कारणावरून विसर्जित झाले त्या कारणास तेथील वकील, वृत्तपत्रे, शासकीय आकडेवारी आणि सामान्य जन ‘अनरीझनेबल बिहेविअर’ असे म्हणत असत. मराठीत त्यास ‘अवाजवी वर्तन’ म्हणता येईल. नवल असे की, ज्या अधिनियमाने हे कारण निर्माण केले त्या अधिनियमात हे दोन शब्द जोडीने कोठेही आलेले नाहीत. मूळ कलमात ‘वर्तन’ होते आणि ‘वाजवी’ही होते, परंतु त्या दोहोंचा परस्परांशी विशेषण-विशेष्याचा संबंध नव्हता. तो संबंध व्यवहारात जोडला गेला आणि एकदा जोडला गेल्यावर तो कलमावरच स्वार झाला. कायद्याच्या प्रांतात भाषेच्या अभ्यासकाने शिरावे की नाही, हा प्रश्न एरवी विवाद्य असेल; पण येथे विवादाचे मूळच व्याकरणात असल्यामुळे तो अधिकार गृहीत धरण्यास हरकत नसावी. हा शब्दप्रयोग कसा घडला व त्याने काय केले, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१

विसाव्या शतकात ‘वर्तन’ हा शब्द कायद्यात येण्यापूर्वी त्याची जागा ‘क्रूरता’ ह्या शब्दाने व्यापलेली होती. १८५७ पूर्वी इंग्लंडमध्ये विवाहविषयक खटले धर्मन्यायालयांपुढे चालत. ही न्यायालये पतिपत्नींस विभक्त राहण्याची मुभा देत. पुनर्विवाहाची देत नसत. पूर्ण विवाहविच्छेद हवा असल्यास पार्लमेंटकडून स्वतंत्र खाजगी अधिनियम मंजूर करून घ्यावा लागे. असे अधिनियम सर्व मिळून तीनशेहून थोडे अधिक झाले. त्यांपैकी स्त्रियांच्या विनंतीवरून झालेले अवघे चार, आणि त्यांतील पहिला १८०१ सालचा.

विभक्त राहण्याची मुभा मिळण्यासाठी जी क्रूरता सिद्ध करावी लागे, तिची व्याख्या प्रामुख्याने १७९० च्या इव्हान्स खटल्यात झाली. न्यायाधीश सर विल्यम स्कॉट, जे पुढे लॉर्ड स्टोवेल म्हणून ओळखले गेले, त्यांनी असे प्रतिपादिले की, जीवितास, अवयवांस अथवा प्रकृतीस धोका असेल तरच कायद्याच्या दृष्टीने क्रूरता होय. स्वभावाचा कठोरपणा, बोलण्यातील उद्धटपणा, सौजन्याचा व जिव्हाळ्याचा अभाव ह्या गोष्टी कितीही दुःखद असल्या तरी त्या सोसावयाच्या असतात. पत्नीचा अर्ज अर्थातच फेटाळला गेला. येथे लक्षात ठेवण्यासारखी बाब ही की, न्यायाधीशांनी पत्नीचे दुःख नाकारले नाही. त्या दुःखास नाव देणारा शब्द कायद्याजवळ नाही, इतकेच सांगितले.

१८५७ च्या अधिनियमाने घटस्फोट धर्मन्यायालयांकडून दिवाणी न्यायालयाकडे आणला. पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रूरता, परित्याग अथवा तत्सम आणखी एखादा गंभीर दोष दाखवावा लागे. ही विषमता १९२३ मध्ये दूर झाली. क्रूरतेची व्याख्या मात्र बदलली नाही. १८९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे रसेल खटला आला. अर्ल रसेल हे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे ज्येष्ठ बंधू. पत्नीने त्यांच्यावर अत्यंत लाजिरवाणा आरोप केला होता व तो असत्य ठरल्यावरही ती तो करीतच राहिली. हे क्रौर्य नव्हे काय? पाच विरुद्ध चार अशा मतांनी उत्तर आले : नव्हे, कारण त्यामुळे अर्लच्या प्रकृतीस धोका उत्पन्न झालेला नव्हता. १७९० ची मोजपट्टी शंभर वर्षांनंतरही तीच होती, आणि ती शरीराचीच होती.

२

१९३७ मध्ये ए. पी. हर्बर्ट ह्या लेखक-खासदाराच्या पुढाकाराने जो अधिनियम झाला, त्याने व्यभिचाराबरोबर क्रूरता, तीन वर्षांचा परित्याग व असाध्य वेड ह्यांनाही घटस्फोटाची स्वतंत्र कारणे म्हणून मान्यता दिली. क्रूरतेला ही नवी प्रतिष्ठा लाभताच तिची जुनी व्याख्या अपुरी पडू लागली. न्यायालयांपुढे आता मारहाणीच्या बरोबरीने वर्षानुवर्षांच्या अबोल्याच्या, कर्जबाजारीपणाच्या, आळसाच्या तक्रारी येऊ लागल्या. प्रकृतीस अपाय झालेला असे. पण तो करण्याचा हेतू पतीच्या मनात होता काय, हा प्रश्न अडसर होऊन बसे.

हा अडसर २७ जून १९६३ रोजी गॉलिन्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने दूर केला. त्यातील पती दुष्ट नव्हता. तो निष्क्रिय होता, कर्ज करी, आणि ते फेडण्याचा भार व धनकोंचा ससेमिरा पत्नीवर येई. तिची प्रकृती ढासळली. क्रूरतेसाठी दुष्ट हेतू आवश्यक नाही, असा निर्णय बहुमताने झाला. लॉर्ड रीड यांनी त्या वेळी मांडलेला एक विचार पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निष्काळजीपणाच्या खटल्यांत कायदा एका काल्पनिक ‘वाजवी माणसा’ची मोजपट्टी वापरतो, वैवाहिक खटल्यांत तसे करता येत नाही, येथे आपल्यासमोर हा पुरुष व ही स्त्री आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सामान्यनामाच्या जागी दर्शक सर्वनाम आले, असे भाषेच्या अंगाने म्हणता येईल.

ह्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, दोन अहवाल प्रसिद्ध झाले. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नेमलेल्या मंडळाने असे सुचविले की, दोषाऐवजी विवाह मोडून पडणे हेच घटस्फोटाचे कारण मानावे आणि न्यायालयाने प्रत्येक विवाहाची तशी चौकशी करावी. लॉ कमिशनने हे तत्त्व मान्य केले, परंतु अशी चौकशी व्यवहार्य नाही असे मत दिले. चांगल्या घटस्फोट-कायद्याने जे लग्न संपलेच आहे त्याचे पोकळ कवच कमीत कमी कटुता, क्लेश व मानहानी होईल अशा रीतीने दूर करावे, अशी कमिशनची भूमिका होती. दोन्ही पक्षांच्या तडजोडीतून १९६९ चा घटस्फोट-सुधारणा अधिनियम जन्मास आला. १९७३ मध्ये त्यातील तरतुदी नव्या एकत्रित अधिनियमात समाविष्ट झाल्या. कारण एकच : विवाह पुन्हा सांधता न येण्याइतका मोडणे. मात्र ते सिद्ध करण्यासाठी पाचांपैकी एक वस्तुस्थिती दाखवावी लागे : व्यभिचार, वर्तन, दोन वर्षांचा परित्याग, संमती असल्यास दोन वर्षांचे विभक्तपण, अथवा संमती नसल्यास पाच वर्षांचे विभक्तपण.

३

ह्या पाचांतील दुसरी वस्तुस्थिती आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. तिचा आशय मराठीत असा देता येईल : प्रतिपक्षाचे वर्तन असे झाले आहे की, त्याच्यासह राहण्याची अपेक्षा अर्जदाराकडून वाजवीपणे करता येत नाही. ह्या वाक्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘वर्तन’ ह्या नामास कोणतेही गुणवाचक विशेषण नाही. ‘असे’ ह्या शब्दाने ते केवळ परिणामवाचक उपवाक्याशी जोडलेले आहे. ‘वाजवीपणे’ हे क्रियाविशेषण असून ते ‘अपेक्षा करणे’ ह्या क्रियेचे आहे, ‘वागणे’ ह्या क्रियेचे नव्हे. शिवाय ही अपेक्षा कोण करतो, ते वाक्यात सांगितलेलेच नाही. तो अव्यक्त कर्ता म्हणजे समाज, आणि समाजाच्या वतीने न्यायालय.

तेव्हा ह्या कलमाप्रमाणे वाजवी की अवाजवी हा प्रश्न विचारावयाचा तो पतीच्या वागणुकीविषयी नव्हे. ‘तू ह्या माणसापाशी राहा’ असे पत्नीस सांगणाऱ्या समाजाच्या अपेक्षेविषयी. कसोटी आपणा सर्वांची होती. १९७४ मध्ये एका न्यायाधीशाने हे कलम लावताना जो प्रश्न घातला त्यात लॉर्ड रीड यांचे दर्शक सर्वनाम पुन्हा आलेले दिसते : सर्व परिस्थिती आणि उभयतांचे स्वभाव लक्षात घेता, ‘ह्या’ पतीसह ‘ह्या’ पत्नीने राहावे अशी अपेक्षा करणे वाजवी नाही, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणेल काय? पुढील वर्षी अपील न्यायालयानेही ही कसोटी मान्य केली.

परंतु एवढे लांब वाक्य रोजच्या व्यवहारात कोण उच्चारणार? पाच वस्तुस्थितींपैकी इतर चार एकेका शब्दाने ओळखता येत. ह्या दुसरीलाही आटोपशीर नाव हवे होते आणि ते वाक्यातूनच काढले गेले. क्रियाविशेषणाचे विशेषण झाले, ते ‘अपेक्षे’पासून सुटून ‘वर्तना’ला जाऊन चिकटले, आणि वाक्यातील नकारही त्याच्याबरोबर गेला. ‘राहण्याची वाजवी अपेक्षा करता येत नाही असे वर्तन’ ह्याचे ‘अवाजवी वर्तन’ झाले. संक्षेप करताना शब्दांची संख्या कमी होते हे सर्वांस दिसते; येथे त्याबरोबर दोषाची जागाही बदलली, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. ज्यांच्या आले त्यांत लॉर्ड जस्टिस ऑर्मरॉड हे प्रमुख होत. १९८० मध्ये अपील न्यायालयात बोलताना त्यांनी ह्या प्रचलित नावास भाषिक सापळा म्हटले आणि खालच्या न्यायाधीशाचा पाय त्यात अडकला असल्याचे दाखवून दिले. सापळा मात्र तेथेच राहिला.

४

नावाचा हा प्रमाद निरुपद्रवी ठरला असता, पण कार्यपद्धतीने त्यास बळ दिले. १९७३ पासून काही प्रकारच्या बिनविरोध अर्जांचा निकाल प्रत्यक्ष सुनावणीवाचून, कागदपत्रांवरून देण्याची पद्धत सुरू झाली आणि १९७७ पर्यंत ती सर्वच बिनविरोध अर्जांना लागू झाली. विभक्तपणाच्या वाटेने जाणाऱ्यास दोन किंवा पाच वर्षे थांबावे लागे. वर्तनाच्या वाटेने अर्ज तत्काळ करता येई. घर एकच, मुले लहान, दुसरे बिऱ्हाड करण्यास पैसा नाही, अशा माणसांना वस्तुतः हीच एक वाट मोकळी होती. २०१७ मध्ये घटस्फोट घेतलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांत पत्नींच्या अर्जांपैकी ५२ टक्के व पतींच्या अर्जांपैकी ३७ टक्के ह्याच कारणावर आधारलेले होते.

परंतु ह्या वाटेच्या तोंडाशी एक लेखी जकात होती. प्रतिपक्षाने काय काय केले ते अर्जात परिच्छेद पाडून लिहावे लागे; पहिला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग व शेवटचा प्रसंग नमूद करावा, असा वकिलांचा प्रघात होता. अर्जाची प्रत प्रतिपक्षाच्या हाती पडे. ज्याच्याशी पुढे मुलांच्या भेटीगाठी ठरवावयाच्या, घराची वाटणी करावयाची, त्याच्या हातात त्याच्याच दोषांची यादी ठेवून संभाषणास आरंभ होई. ‘अवाजवी’ हे विशेषण आता कायद्यातील एका वस्तुस्थितीचे नाव उरले नव्हते. ते त्या माणसाला दिलेले प्रमाणपत्र झाले होते. कटुता कमीत कमी व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने कटुता लिहून काढण्याची सोय केली.

सुज्ञ वकिलांनी ह्यावर तोड काढली. ते आरोप सौम्य लिहीत. शक्य तर मसुदा आधी प्रतिपक्षास दाखवीत. विरोध जवळजवळ होतच नसे. वर्षाकाठी लाखाहून अधिक अर्ज येत असता शेवटच्या सुनावणीपर्यंत लढविले गेलेले खटले २०१६ मध्ये दोन आकडी संख्येपलीकडे गेले नाहीत. म्हणजे कायद्याचे वाक्य एक, त्याचे प्रचलित नाव दुसरे आणि प्रत्यक्ष आचार तिसराच, असे त्रिविध चित्र निर्माण झाले. हा गुंता सोडविण्याचा एक प्रयत्न १९९६ मध्ये झाला. लॉ कमिशनच्या १९९० च्या अहवालाला अनुसरून दोषाचा उल्लेख काढून टाकणारा अधिनियम पार्लमेंटने मंजूर केला. परंतु त्यातील घटस्फोटविषयक भाग कधीच अमलात आणला गेला नाही आणि पुढे तो रद्द झाला.

५

हे त्रिविध चित्र एका खटल्यात फाटले. १९७८ मध्ये विवाहबद्ध झालेल्या एका स्त्रीने २०१५ साली अर्ज केला. वकिली शिष्टाचाराप्रमाणे त्यातील आरोप आरंभी मवाळ होते. पतीने विरोध केला. तेव्हा अर्जात दुरुस्ती होऊन सत्तावीस प्रसंग नोंदविले गेले : चारचौघांत केलेला पाणउतारा, टोमणे, इत्यादी. विवाह मोडला आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु सांगितलेले प्रसंग क्षुल्लक व फुगविलेले आहेत असे ठरवून अर्ज फेटाळला. अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि २५ जुलै २०१८ रोजी युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. पाच वर्षांचे विभक्तपण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, तिने थांबावे, एवढाच मार्ग उरला.

प्रमुख निकालपत्र लॉर्ड विल्सन यांचे आहे. ‘अवाजवी वर्तन’ हे नाव चुकीचे असून कलमास वर्तन अवाजवी असणे अभिप्रेत नाही, तर सहजीवन चालू राहण्याची अपेक्षा अवाजवी असणे अभिप्रेत आहे, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. वाजवी अपेक्षेची मोजपट्टी समाजाबरोबर बदलते व पतिपत्नींच्या समतेची जाणीव तीत उतरली पाहिजे, हेही त्यांनी म्हटले. व्याकरण अखेर शुद्ध झाले. पण त्या स्त्रीला त्याचा लाभ झाला नाही. १९९० च्या अहवालाच्या कामात ज्यांचा प्रमुख वाटा होता त्या लेडी हेल ह्या वेळी न्यायासनावर होत्या. खटल्याविषयी आपली अस्वस्थता त्यांनी लपविली नाही. तरीही कायदा बदलणे हे पार्लमेंटचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असे त्यांनी नमूद केले.

पार्लमेंटने ते काम २०२० मध्ये केले. त्या अधिनियमाप्रमाणे ६ एप्रिल २०२२ पासून विवाह मोडला आहे असे एका किंवा दोघांनी मिळून केलेले निवेदन हाच निर्णायक पुरावा होय. पाचही वस्तुस्थिती गेल्या आणि त्यांच्याबरोबर ‘वर्तन’ हा शब्दही गेला. अर्जापासून अटीच्या आदेशापर्यंत वीस आठवडे आणि तेथून अंतिम आदेशापर्यंत सहा आठवडे, एवढाच काळाचा बांध राहिला.

६

ह्या इतिहासाचा आपल्याकडील कायद्याशी संबंध दूरचा नाही. १८६९ चा भारतीय घटस्फोट अधिनियम हा १८५७ च्या इंग्लिश अधिनियमाच्या धर्तीवर रचलेला होता. परंतु सर्वच बाबतींत आपण मागून गेलो असे मात्र नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाने, शारीरिक इजा नसतानाही पतीच्या क्रूर आचरणाने पत्नीचे जिणे दुःसह झाल्यास ती क्रूरता होय, असे स्पष्ट म्हटले होते. गॉलिन्स खटल्याच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात ‘वाजवी’ हा शब्द आणखी तिसऱ्याच जागी सापडतो. प्रतिपक्षासह राहणे अपायकारक होईल अशी वाजवी भीती अर्जदाराच्या मनात उत्पन्न करणारी क्रूरता, असे त्याचे शब्द होते. आणि तिचे फळ त्या वेळी न्यायिक विभक्तता हे होते, घटस्फोट नव्हे. इंग्लिश कलमात ‘वाजवी’ अपेक्षेला, प्रचलित नावात वर्तनाला, तर भारतीय कलमात भीतीला जोडलेला आहे. पहिला प्रश्न समाजाला, दुसरा आरोपिताला आणि तिसरा सोसणाऱ्याच्या मनाला विचारलेला आहे. मार्च १९७५ मध्ये एका मराठी दांपत्याच्या खटल्यात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी हे कलम लावताना दोन गोष्टी केल्या. जीवित, अवयव वा प्रकृती ह्यांस धोका असलाच पाहिजे ही इंग्लिश अट आपल्या कलमात नाही, हे त्यांनी दाखविले. आणि लॉर्ड रीड यांचा विचार उद्धृत करून, न्यायालयापुढे आदर्श पती व आदर्श पत्नी नसून हेच दोघे आहेत, हे बजावले. क्रूरता सिद्ध झाली. परंतु नंतरच्या सहवासाने ती क्षमापित झाली असे ठरून पतीस दाद मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७६ च्या दुरुस्तीने, क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले आणि ‘वाजवी भीती’चे उपवाक्य गळून पडले. उरला एकटा ‘क्रूरता’ हा शब्द. तो भरून काढण्याचे काम न्यायालयांवर आले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची सोळा उदाहरणे दिली आणि संसारातील नित्याच्या कुरबुरी तीत मोडत नाहीत असेही सांगितले. एकतर्फी अर्ज करणाऱ्यास आजही बहुधा हा जड शब्द उचलावाच लागतो. तो ‘अवाजवी’पेक्षा कितीतरी अधिक बोचणारा आहे. विवाह मोडून पडणे हे स्वतंत्र कारण आपल्या अधिनियमात अद्याप नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते स्वतःच्या विशेषाधिकाराने विचारात घेता येईल असे म्हटले, तेवढेच.

जाता जाता आपल्या भाषेतील जुन्या शब्दांकडे पाहावे. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट : ह्यांपैकी काडी मोडणे व चिठ्ठी देणे ह्या कृती आहेत, फारकत म्हणजे वेगळे होणे व हिशेब चुकता झाल्याचा लेख, घटस्फोट हा तर धर्मशास्त्रात पतितास बहिष्कृत करण्याचा विधी, जो अलीकडे विवाहास लावला गेला. ह्यांतील शेवटचा शब्द सोडल्यास कोणात दोषाचा गंधही नाही, आणि त्यातीलही तो आज कोणास जाणवत नाही. दोष सांगण्यासाठी मराठीने जाच, छळ, सासुरवास हे शब्द निराळे ठेवले. विच्छेदाचे नाव एक आणि दुःखाचे नाव दुसरे, ही व्यवस्था शहाणपणाची होती असे आता वाटते, जरी त्या काडीमोडीत स्त्रीची बाजू पुष्कळदा ऐकलीच जात नसे.

२०२२ नंतर इंग्लंडच्या कायद्याने विच्छेदापुरती हीच व्यवस्था स्वीकारली आहे. कोणास दोषी न म्हणता आता वेगळे होता येते. त्याबरोबर, जिने खरोखर सोसले तिच्या सोसण्याची नोंद घटस्फोटाच्या कागदावर राहत नाही, हेही खरे. १७९० मध्ये कायद्याजवळ त्या दुःखासाठी शब्द नव्हता. मधल्या काळात शब्द होता, पण तो चुकीच्या ठिकाणी जोडलेला होता. आज तो ह्या दालनातून मुद्दाम बाहेर ठेवला आहे. मार खाणाऱ्या वा भीतीने जगणाऱ्या माणसासाठी तो शब्द इतर दालनांत, संरक्षणाच्या व फौजदारी कायद्यांत, नीट उच्चारला जातो की नाही, ह्यावरच ह्या सुधारणेचे मोल अखेर ठरावयाचे आहे.